टेकडीपलीकडचं पोट

आमच्या हॉस्पिटलात एक आजार होता, जो कुठल्याच पुस्तकात नव्हता. त्याचं नाव 'टेकडीपलीकडचं पोट'. शहराच्या एका अंगाला टेकड्यांची रांग, तिच्यापलीकडे हजार-बाराशे घरांचं एक गाव, आणि तिथून वर्षभर माणसं पोट धरून यायची. कळ अशी, की धडधाकट माणूस फरशीवर गडाबडा लोळायचा. पोट दाबून बघावं तर मऊ. फोटो काढावा तर स्वच्छ. दोन दिवस सलाइन लावलं की उतार पडायचा, आणि महिन्याभराने पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

शिकाऊ डॉक्टरांची नवी तुकडी आली की सर्जरीचे मोठे सर वॉर्डात सांगायचे, "पोटदुखीवाला आला की आधी पत्ता विचारा. टेकडीपलीकडचा निघाला तर सुरी उचलण्याआधी दहादा विचार करा." पोरं हसायची. पेशंटसुद्धा ओशाळून हसायचा. तरी दर वर्षी पाच-सहा जणांची पोटं उघडली जायचीच. एखाद्याचं अपेंडिक्स खरंच फुटलं तर जबाबदारी कोण घेणार? आत काही सापडायचं नाही. परत शिवून टाकायचे.

कोणी म्हणायचं तिथलं पाणी जड. कोणी म्हणायचं त्यांच्या रक्तातच खोट. पाणी दोनदा तपासलं होतं, जंतूंसाठी. चांगलं निघालं. मग तो विषय तिथेच राहिला.

मी याच हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं लघवी तपासली. त्यामुळे माझं बारशाचं नाव सगळे विसरले आणि मी 'लघवीवाले' झालो. माझ्या शेजारच्या टेबलावर रक्ताच्या काचा बघणाऱ्या बाई बसायच्या. ही गोष्ट त्यांची आहे. मी फक्त शेजारी होतो.

बाई उंचीने बेताच्या, आवाज मात्र फौजदाराचा. लग्न केलं नाही. कोणी विचारलंच तर मायक्रोस्कोपकडे बोट दाखवायच्या, "हा काय, बसलाय तोंड वासून." हॉस्पिटलच्या आवारातल्या क्वार्टरमध्ये एकट्या राहायच्या. माहेर त्या टेकडीपलीकडच्या गावातच. तिथे म्हातारी आई, मोठा भाऊ आणि वहिनी. भावाची पिठाची गिरणी होती, वडिलांनी घातलेली. महिन्याच्या शेवटच्या रविवारी बाई आईला भेटून यायच्या आणि येताना महिन्याचं पीठ आणायच्या. त्यातलं दोन किलो माझ्या घरी. "दगडाची गिरणी आहे," त्या अभिमानाने सांगायच्या, "पीठ तापत नाही." आमची ही त्या पिठाची इतकी भक्त, की दुसऱ्या पिठाला नावं ठेवायची.

नऊ वर्षांपूर्वी आमच्याकडे रक्त मोजायचं यंत्र आलं. नळी आत घातली की दीड मिनिटात कागद बाहेर. त्यानंतर काच रंगवून डोळ्यांनी बघायचं काम नावालाच उरलं. दिवसाला चारशे नमुने, कोण बघणार? यंत्र सांगायचं 'रक्त कमी', आणि डॉक्टर लोहाच्या गोळ्या लिहून द्यायचे.

एका मंगळवारी सकाळी त्या गावचा टेलर भरती झाला. वय पन्नाशीचं. पोटाची तक्रार जुनी, पण आता नवंच काहीतरी झालं होतं. मेडिसिनच्या मॅडम त्याला म्हणाल्या, "दोन्ही हात समोर धरा." त्याने धरले. दोन्ही पंजे मनगटातून खाली लोंबले, दोरीवर ओले मोजे लोंबावेत तसे. ते वर उचलायला त्याने जोर लावला, कपाळाची शीर ताठली, पण पंजे हलले नाहीत.

"मॅडम, वीस पँटी कापून ठेवल्यात," तो म्हणाला. "गिऱ्हाइकं दारात उभी आहेत. शिवू कशाने?"

त्याच्या बायकोचं पोट आदल्याच वर्षी आमच्याकडे उघडून परत शिवलं होतं. ती खाटेशेजारी उभी राहून म्हणाली, "आमच्याकडे सगळ्यांचंच पोट असं असतं. पण हात कोणाचे गेले नव्हते हो."

मॅडमनी रक्त पाठवलं आणि चिठ्ठीवर लिहिलं, 'बाईंनी स्वतः बघावं.'

दुपारी बाईंनी मला हाक मारली. "लघवीवाले, जरा इकडे या. काय दिसतंय?"

मी डोळा लावला. तांबड्या पेशी फिकट दिसत होत्या, ते ठीक. पण पेशींमध्ये बारीक निळे ठिपके होते, कोणी शाईचं पेन झटकल्यासारखे.

"रंग नीट गाळला नाही वाटतं," मी म्हटलं.

"तीनदा केलं. तिसऱ्यांदा वर जाऊन त्यांच्या बोटातून ताजा थेंब आणला." बाईंचा आवाज फौजदाराचा राहिला नव्हता. "हे मी आयुष्यात एकदाच बघितलंय. शिकत होते तेव्हा. बॅटऱ्या फोडणाऱ्या एका माणसाच्या रक्तात."

"म्हणजे?"

"शिसं."

मॅडमनी टॉर्च लावून टेलरच्या हिरड्या बघितल्या. दातांच्या कडेने निळसर काळी रेघ होती. सकाळपासून अर्धा डझन डॉक्टर त्याला तपासून गेले होते. जीभ सगळ्यांनी बघितली होती, हिरडी कोणीच नाही. रक्त दुसऱ्या शहरातल्या मोठ्या प्रयोगशाळेत गेलं. अकराव्या दिवशी आकडा आला. मॅडमनी कागद वाचला आणि खुर्ची शोधत खाली बसल्या. असायला हवं त्याच्या चौदापट.

तोवर बाईंनी आणखी एक काम केलं होतं. आमच्याकडे जुन्या काचा लाकडी पेट्यांमध्ये जपून ठेवलेल्या असतात. बाईंनी जेवणाच्या सुट्टीत पेट्या उघडून टेकडीपलीकडचा पत्ता असलेल्या काचा वेगळ्या काढल्या. पाच वर्षांच्या अठ्ठेचाळीस निघाल्या. तीन दिवस त्या बघत होत्या. चौथ्या दिवशी माझ्यासमोर कागद सरकवला. अठ्ठेचाळीसपैकी एकतीस काचांवर ठिपके.

"एकतीस?" माझा विश्वासच बसेना. "आणि एवढ्या वर्षांत कोणालाच दिसले नाहीत?"

"बघितलं कोणी? यंत्राने कागद दिला, आपण सही केली." त्यांनी दोन काचा बाजूला ठेवल्या. "या दोघांच्या रिपोर्टवर 'डोळ्यांनी तपासलं' असं लिहिलंय. खाली सही माझी आहे. मी तपासलं नव्हतं, लघवीवाले. त्या दिवशी घाई असेल. मी नुसतीच सही ठोकली."

मी काहीतरी समजुतीचं बोलायला तोंड उघडलं. त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

मग शोध सुरू झाला. मॅडम, बाई, मी आणि आरोग्य खात्याचे दोघं, अशी वरात जीपमधून गावात जायची. विहिरीचं पाणी, नळाचं पाणी, भांडी, भिंतींचा रंग, मुलांची खेळणी, मसाल्याच्या पुड्या, सगळ्याचे नमुने घेतले. टेलर टाचण्या तोंडात धरतो म्हणून टाचण्यासुद्धा तपासल्या. घरोघरी रक्त घेतलं. एक गोष्ट सगळ्यांनाच चक्रावून टाकत होती. एका घरात पाचही जणांच्या रक्तात शिसं, आणि भिंतीला भिंत लागून असलेल्या घरात कोणालाच नाही. पाणी तेच, हवा तीच. सहा आठवडे गेले. आरोग्य खात्याचा माणूस म्हणाला, "हे भुताटकीचं काम दिसतंय." कोणी हसलं नाही.

त्या दिवसांत बाई गिरणीतच जेवायच्या, आम्हालाही न्यायच्या. भाऊ अंगापिंडाने मोठा, डोक्यापासून पापण्यांपर्यंत पिठाने पांढरा. पंचावन्न वर्षांच्या बाईंना तो 'छकुले' म्हणायचा आणि त्या ओ द्यायच्या. त्याचा राग मात्र प्रसिद्ध होता. पोत्याची गाठ सुटली नाही तरी पोत्याला लाथ घालायचा. वडीलही तसेच होते म्हणे. बावन्नाव्या वर्षी झटके येऊन गेले. वहिनी अबोल. मूलबाळ नव्हतं. तीनदा दिवस गेले आणि तिन्ही वेळा चौथ्या-पाचव्या महिन्यात सगळं संपलं. सासूबाई अजून येता-जाता म्हणायच्या, "हिचं पोटच धरत नाही, त्याला कोण काय करणार!"

सातव्या आठवड्यात मॅडमना विद्यार्थ्यांना हे रक्त दाखवायचं होतं. दोन मायक्रोस्कोप शेजारी-शेजारी, एकात टेलरचं रक्त, दुसऱ्यात निरोगी माणसाचं. निरोगी रक्त लागलं की प्रयोगशाळेत आम्ही स्वतःच्याच बोटाला टोचतो, ही जुनी पद्धत. बाईंनी करंगळीशेजारच्या बोटाला टोचलं, काच ओढली, वाळवली, रंगवली आणि सवयीने एकदा डोळा लावला.

त्यांनी डोळा काढला नाही. किती वेळ गेला कोण जाणे. मी माझ्या नळ्या हलवत होतो.

"लघवीवाले, काचा बदलल्या गेल्या का हो?"

"नाही. वर नाव तुमचंच लिहिलंय तुम्ही."

त्यांनी दुसरी काच घेतली, माझ्यासमोर पुन्हा बोट टोचलं. या वेळी मी रंगवली. मीच आधी बघितलं. फिकट पेशी, आणि त्यांत निळे ठिपके. टेलरइतके नाहीत; पण होते.

बाई स्टुलावर बसल्या. बोटावरचा कापूस तसाच धरलेला. स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, "मी तिथे राहत नाही. तिथलं पाणी पीत नाही. महिन्यातून एक दिवस जाते. तिथून आणते ते फक्त..."

आम्हा दोघांची नजर एकाच वेळी माझ्या टेबलाखाली गेली. तिथे त्यांनी सोमवारी आणलेली पिठाची पिशवी होती, वर सुतळीची गाठ, घरी न्यायची राहून गेलेली.

एकोणीस वर्षं आम्ही ते पीठ खात होतो. आमच्या हिचं डोकं दुखतं, ते उन्हाचं म्हणून सोडून दिलेलं. माझ्या पोटऱ्यांत गोळे येतात, ते वयाचे. बाईंच्या ड्रॉवरमध्ये पोट साफ करायच्या गोळ्या कायम असायच्या आणि त्यावरून मी त्यांची थट्टा करायचो.

पीठ तपासायला गेलं. गावातल्या दुसऱ्या, स्टँडजवळच्या गिरणीचंही नेलं. त्या पिठात काही नव्हतं. बाईंच्या भावाच्या पिठात शिसं होतं, आणि ते इतकं, की प्रयोगशाळेच्या माणसाने फोन करून विचारलं, "नमुन्यात चुकून काही पडलं का?" शेजारशेजारच्या घरांचं कोडं सुटलं. कोण कुठे दळायला जातो, एवढाच फरक होता.

मॅडम म्हणाल्या, "सरकारी माणसं उद्या जातील. तुम्ही नका जाऊ."

"मी आज जाते," बाई म्हणाल्या. "माझ्या भावाला हे दुसऱ्या कोणाच्या तोंडून कळायला नको."

मी सोबत गेलो. सकाळचे अकरा वाजले असतील. गिरणीत सात-आठ डबे रांगेत, दारात दोन-चार बाया, पट्ट्याचा फटफट आवाज.

"छकुले, आज मध्येच कशी?" भाऊ ओरडला.

"दादा, गिरणी बंद कर."

"का ग? आईला काही झालं?"

"बंद कर आधी."

पट्टा थांबला. अचानक इतकं शांत झालं, की पिठाची धूळ खाली बसताना ऐकू येईल असं वाटलं. बाई म्हणाल्या, "वरचा दगड उचलून दाखव मला."

तो हसला. "आता काय दगडाचंही रक्त काढणार का?" पण साखळी लावून त्याने दगड उचलला आणि उलटा केला. बाईंनी खिशातली टॉर्च लावली. दगडाच्या मध्यभागी, लोखंडी तुकडा जिथे बसवला होता, तिथे सभोवार तळहाताएवढा करडा, चकचकीत थर होता. दगडाच्या भेगांमध्येही तसंच काहीतरी ओतून भरलेलं. कडा झिजून आरशासारख्या झाल्या होत्या.

"हे काय आहे?"

"शिसं." तो सहज म्हणाला, जसं कोणी मीठ म्हणेल. "लोखंड हलायला लागलं की वितळवून ओतायचं. मग वरून छिन्नीने टाकी लावायची. बाबांनीच शिकवलं की."

"किती लागतं?"

"वर्षाला दीड-दोन किलो."

"दर वर्षी?"

"दर वर्षी. झिजतं ना ते."

"दादा," बाई म्हणाल्या, "मग झिजलेलं जातं कुठे?"

तो उत्तर द्यायला गेला. त्याने दगडाकडे बघितलं, मग रांगेतल्या डब्यांकडे, मग दारातल्या बायांकडे. स्वतःचे पांढरे हात त्याने उलटसुलट करून बघितले. आयुष्यात मी खूप मृत्यू बघितले आहेत, हॉस्पिटलात ते चुकत नाहीत. पण माणसाचा चेहरा असा जागच्या जागी विझताना मी त्याआधी बघितला नव्हता.

"पिठात?" तो म्हणाला. "टेलरचे हात... ते माझ्यामुळे?"

बाईंनी होय म्हणून मान हलवली.

घरातून गिरणीत यायच्या दारात वहिनी उभी होती. ती केव्हा आली कोणालाच कळलं नाही. "वन्सं," तिने विचारलं, "त्याने दिवस गेलेले राहत नाहीत, असं होतं का?"

मी मान खाली घातली. बाईंना खोटं बोलता आलं असतं. त्या म्हणाल्या, "होऊ शकतं, वहिनी. तुमचं त्यानेच झालं, हे मी छातीवर हात ठेवून नाही सांगू शकत. पण होतं."

"तिन्ही?"

"होऊ शकतं."

वहिनी वळली. मग आत गेली, सासूसमोर जाऊन म्हणाली, "ऐकलंत ना?" एवढंच. म्हातारीच्या हातातली वाटी खाली पडली आणि घरंगळत दारापर्यंत आली.

त्या दुपारी बाईंच्या भावाने जे केलं, ते मी कधी विसरणार नाही. आम्ही म्हणत होतो थांब, उद्या सरकारी माणसं येऊन सांगतील. तो ऐकेना. अंगावरचं पीठ न झटकता बाहेर पडला आणि घरोघरी गेला. प्रत्येक दारात एकच बोलायचा, "माझ्या गिरणीचं पीठ फेकून द्या. त्यात विष आहे. मला माहीत नव्हतं." बाई त्याच्या बरोबरीने चालत होत्या. काहींना वाटलं त्याला वेड लागलं. एक म्हातारा म्हणाला, "चाळीस वर्षं खातोय, मेलो का?" एका बाईने त्याच्या तोंडावर दार आपटलं. टेलरच्या घरी टेलरच्या मेहुण्याने बाईंच्या भावाच्या थोबाडीत मारली. पोत्यावर लाथा घालणारा तो माणूस हात खाली सोडून उभा राहिला. मेहुण्याने दुसऱ्यांदा हात उचलला तेव्हा टेलरची बायको मध्ये पडली. "त्याने मुद्दाम केलं का?" ती म्हणाली आणि मग तिथेच पायरीवर बसून रडायला लागली. बाई तिच्याशेजारी बसल्या. मला काय करावं कळेना, म्हणून मी त्यांच्या घरातली पिठाची कोठी उचलून बाहेर आणली.

पुढचे सहा महिने दर रविवारी गावातल्या शाळेत तपासणी चालायची. अकराशे माणसांचं रक्त घेतलं, त्यातल्या साडेतीनशे जणांना औषध लागलं. सगळ्यात जास्त शिसं निघालं बाईंच्या भावाच्या अंगात. मॅडम म्हणाल्या, एवढ्या शिशाने माणूस चिडका होतो, झटकेही येऊ शकतात. बाई घरी परतताना मला म्हणाल्या, "बाबांनी आम्हाला पट्ट्याने मारलंय. ते मरेपर्यंत मी त्यांना माफ केलं नाही. आता कोणावर रागवायचं?"

माझा आकडा थोडाच वाढलेला निघाला, हिचाही. औषधाशिवाय उतरला. पण अजूनही ती पीठ चाळताना मध्येच थांबते आणि चाळणीकडे बघत राहते.

ज्या दोन काचांवर बाईंची सही होती, त्या माणसांचा शोध त्यांनी स्वतः घेतला. एक बाई सापडली, औषधाने बरी झाली. दुसरे शाळामास्तर. ते आदल्या वर्षी वारले होते, मेंदूला सूज आली म्हणून. शिशानेच गेले का, हे आता कोणी सांगू शकत नव्हतं. बाई त्यांच्या बायकोकडे गेल्या आणि जे होतं ते सांगितलं. काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. परत आल्यावर त्यांनी दोन दिवसांची रजा टाकली, बावीस वर्षांत पहिल्यांदा.

सर्जरीचे मोठे सर एका सकाळी आमच्या प्रयोगशाळेत आले. ते कधी खाली यायचे नाहीत. त्यांनी बाईंकडून यादी मागितली, टेकडीपलीकडच्या ज्यांची पोटं विनाकारण उघडली होती त्यांची. बासष्ट नावं होती. सरांनी ती उभ्या-उभ्याच सगळी वाचली. "मी हसायचो," ते म्हणाले. "पोरांनाही हसायला शिकवलं." बाईंनी त्यांना स्टूल दिलं. सर बसले नाहीत.

त्यानंतर पोरं बाईंना 'ठिपकेबाई' म्हणायला लागली. पोरांना ते कौतुक वाटायचं. बाईंना आवडायचं नाही, पण त्यांनी कधी टोकलं नाही. शंभरातल्या दहा काचा तरी डोळ्यांनी बघायच्या, असा नियम त्यांनी भांडून करून घेतला, आणि तो आजही चालतो.

टेलरचे पंजे आठ महिन्यांनी वर यायला लागले. उजवा बराचसा, डावा अर्धवट. आता तो स्वतः कापतो आणि शिवायला माणूस ठेवलाय. गावाची पोटदुखी जवळजवळ थांबली.

गिरणीचे दगड आरोग्य खात्याने नेले. भावाला लोक म्हणाले, नवी गिरणी घाल, आम्ही येऊ. त्याने नाही म्हणून सांगितलं. दुसऱ्याच्या तेलाच्या दुकानात तो माप करतो. वहिनी त्या दुपारनंतर चार दिवसांनी माहेरी निघून गेली होती, ती सात महिने आली नाही. मग एक दिवस स्वतःच पिशवी घेऊन परतली. सासूने तिचा हात धरला, तो तिने सोडवून घेतला नाही, पण धरलाही नाही. बाईंनी धीर करून विचारलं, "वहिनी, घरात कसं चाललंय?"

"आता कोणी कोणावर ओरडत नाही, वन्सं," वहिनी म्हणाली. "पण बोलणंही बेताचंच आहे. होईल हळूहळू. नाहीच झालं, तर तसंच राहू."